बिलाच्या रोलवरचा आरएनए

सांगलीत अकरावी-बारावीला बायोलॉजी शिकवते, त्यातला परवाचा तास लिहून ठेवावासा वाटला. पेशीतल्या रासायनिक क्रिया झपाट्यानं घडवून आणतं ते एन्झाइम, आणि 'एन्झाइम म्हणजे प्रोटीन' असं फळ्यावर लिहीत होते तेवढ्यात मागच्या बाकावरची, एरवी गप्प असणारी पोरगी उठली, "मॅडम, प्रोटीन जोडायला एन्झाइम लागतं आणि एन्झाइम म्हणजे प्रोटीनच, मग पहिलं प्रोटीन कुणी जोडलं?"

मी फळा पुसला. मार्केट यार्डात हळदीचं अडत दुकान असलेल्या एका पोराच्या दप्तरात बिलाच्या मशीनचा रोल होता, त्याची हातभर पट्टी फाडली, मधला भाग स्केचपेननं लाल केला. हा आरएनए, म्हणजे पेशीत डीएनएवरून उतरवलेली साखळी, लाल तो नको असलेला तुकडा. टेट्राहायमेना या एकपेशीय जिवात हा तुकडा कोण कापतं ते थॉमस चेक हे अमेरिकन शास्त्रज्ञ शोधत होते, प्रोटीन काढलं तरी कापणी चालूच, उकळून बघितलं तरी चालूच, शेवटी १९८२ मध्ये त्यांनी तो आरएनए त्या पेशीला शिवूही न देता नळीत बनवला तर त्यानंही आपला तुकडा आपणच काढला!

मग पट्टीला घड्या घातल्या. आरएनए एकपदरी असतो म्हणून स्वतःवरच दुमडतो, त्यातनं एक खाच तयार होते, तिथं मॅग्नेशियमच्या मदतीनं सुटा ग्वानोसिन (आरएनएच्या साखळीत असते तसलीच एक कडी) येऊन लाल तुकड्याच्या सुरुवातीला चिकटतो, साखळी तुटते, आणि मोकळं झालेलं पांढरं टोक लाल तुकड्याच्या दुसऱ्या बाजूला जाऊन पलीकडच्या पांढऱ्याला जुळतं. लाल गळून पडला.

ती पट्टीकडं बघत म्हणाली, "पण मॅडम, हा स्वतःच बदलला की, एन्झाइम तर कामानंतर जसंच्या तसं राहतं ना?"

माझ्या अंगावर काटा आला, अगदी खरं सांगते. म्हटलं बाळ, म्हणूनच सिडनी ऑल्टमन या दुसऱ्या शास्त्रज्ञाचं काम मोठं, १९८३ मध्ये दिसलं की आरनेझ पी या आरएनए आणि प्रोटीन मिळून बनलेल्या एन्झाइममधला नुसता आरएनए दुसऱ्या आरएनएचं टोक छाटतो, स्वतः तसाच राहतो आणि पुढच्याला लागतो. दोघांना १९८९ चं नोबेल.

बेल झाली तरी कुणी उठेना. मग तिचा पहिला प्रश्न घेतला, प्रोटीन कोण जोडतं: रायबोसोम, पेशीतलं प्रोटीन जोडणारं यंत्र. २००० साली त्याची बारीक रचना दिसली तेव्हा अमिनो आम्लं, म्हणजे प्रोटीनच्या माळेतले मणी, जिथं जोडली जातात त्या जागी प्रोटीन नव्हतंच, आरएनएच होता, म्हणजे आत्ता या बाकावर बसल्या बसल्या तुझ्या अंगात प्रोटीन जोडतोय तो आरएनए. तिनं लाल तुकडा मागून घेतला, त्याला पुन्हा घड्या घालत बसली.