तलावासाठी जुनी बोट निवडताना

तलावात वापरण्यासाठी जुनी बोट शोधू लागलो तेव्हा हाताशी पैसे बेताचेच होते. लांबी १२ ते १४ फूट असावी आणि दोघांना ती सहज पाण्यात लोटता यावी, एवढ्याच अटी मी ठरवल्या होत्या. सपाट तळाची बोट उथळ पाण्यात छान चालते आणि तिच्यात उभे राहिले तरी ती फारशी डुलत नाही; परंतु वारा सुटला की ती लाटांवर आपटू लागते. आमचा तलाव उघडा आणि वाऱ्याचा असल्याने मी किंचित निमुळत्या तळाचीच बोट घ्यायची ठरवली.

फायबरग्लासच्या बोटी दिसायला देखण्या होत्या, पण ज्या मागच्या फळीवर इंजिन बसते तिच्या आत बहुधा प्लायवूड असते, आणि स्क्रूच्या भोकांतून पाणी झिरपले की ते बाहेरून काहीही न दिसता आतल्या आत कुजते. म्हणून मी प्रत्येक बोटीची ती फळी हातोडीच्या लाकडी मुठीने ठोकून पाहत असे: निरोगी फळीचा आवाज खणखणीत येतो, तर कुजलेलीचा बद्द. नंतर इंजिनचे खालचे टोक धरून वर-खाली रेटायचे. फळी जराही लवली, तर विक्रेता कितीही गोड बोलला तरी मी किमतीचा विषय काढत नसे. बोट अपेक्षेपेक्षा जड वाटली, तर आत पाय ठेवायच्या पृष्ठभागाखाली भरलेल्या फोमने पाणी प्यायले असण्याचा संभव असतो. हे दोन्ही दोष दुरुस्त करायचे तर बोट उकलावी लागते, आणि तो खर्च स्वस्त बोटीला परवडत नाही. इंजिन मात्र पुढे बदलता येते.

तरीही इंजिन पाहिलेच. मी येण्याआधी ते तापवून ठेवू नका, असे विक्रेत्याला आधीच सांगत असे, कारण थंड इंजिन कसे सुरू होते यावरून पुष्कळ कळते. चालू इंजिनातून थंडाव्याच्या पाण्याची धार नीट पडते का आणि गिअरचे तेल दुधाळ झाले आहे का, हेही पाहिले. दुधाळ तेल म्हणजे सील गळून आत पाणी शिरले आहे. इंजिनच्या दांड्याची लांबी फळीच्या उंचीशी जुळावी लागते; साधारणतः १५ इंच उंचीच्या फळीला आखूड दांडा लागतो, तर २० इंचांच्या फळीला लांब.

अखेर १४ फुटी ॲल्युमिनियमची बोट पसंत पडली. अशा बोटीत पत्रे जोडणारे रिव्हेट (ठोकून बसवलेल्या खिळ्या) सैल होतात, म्हणून ती ट्रेलरवर असतानाच पाणी काढायच्या भोकाला बूच लावून तळ बुडेल इतपत पाणी आत ओतले आणि खालून निरखले. नाळेजवळ, म्हणजे पुढच्या टोकापाशी, काही रिव्हेट ठिबकत होते. त्यांवर खूण करून मी तेवढ्यापुरती किंमत कमी करून घेतली. घरी आणल्यावर एकाने आतून जड लोखंड टेकवले व दुसऱ्याने बाहेरून हातोडी चालवली. रिव्हेट पुन्हा घट्ट बसले. उरलेल्या पैशांत वल्ही आणि जीवरक्षक जाकिटे आली.