कपड्यांची आयात आणि मूळ देशाचा पुरावा : माझा अनुभव

तयार कपड्यांवरील आयात शुल्क बहुतेक देशांत इतर औद्योगिक मालापेक्षा चढे असते. म्हणूनच व्यापार करार असलेल्या देशातून कपडे मागवले तर शुल्क कमी होईल किंवा शून्यावर येईल, या शक्यतेवर आयातीचे सारे गणित अवलंबून असते. मी पोलो शर्ट आणि स्वेटशर्ट मागवायचे ठरवले तेव्हा पुरवठादाराच्या दरपत्रकात ‘सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन’, म्हणजे माल कोणत्या देशाचा याचा दाखला, ‘दिले जाईल’ अशी एक ओळ होती. ती ओळ खरी ठरण्यासाठी मागे किती कागद उभे असावे लागतात हे ऑर्डर पक्की करण्यापूर्वीच तपासायचे मी ठरवले, आणि आज हाच क्रम मी इतरांना आग्रहाने सुचवतो.

सुरुवात वर्गीकरणापासून, म्हणजे मालाचा सीमाशुल्क क्रमांक ठरवण्यापासून करावी लागते, कारण शुल्काचा दर आणि मूळ देशाचा नियम हे दोन्ही त्या क्रमांकावरूनच ठरतात. जागतिक सीमाशुल्क संघटनेची हार्मोनाइज्ड सिस्टीम ही मालाच्या क्रमांकांची यादी १९८८ पासून लागू आहे आणि तिचे पहिले सहा अंक ती पाळणाऱ्या सर्व देशांत सारखे असतात. निटेड, म्हणजे होजिअरीचे कपडे प्रकरण ६१ मध्ये येतात आणि मागावर विणलेल्या कापडाचे कपडे प्रकरण ६२ मध्ये. कॉलर आणि पुढे बटणपट्टी असलेला पुरुषांचा निटेड शर्ट ६१०५ मध्ये जातो. परंतु प्रकरण ६१ च्या चौथ्या टिपेनुसार कमरेखाली खिसा असेल, खालच्या कडेला रिब (ताणली जाणारी उभ्या रेघांची वीण) किंवा आवळण्याची सोय असेल, अथवा कापडात सेंटिमीटरला सरासरी दहापेक्षा कमी टाके असतील, तर तो तिथे बसत नाही. माझ्या कस्टम्स एजंटने नमुना टेबलावर सपाट पसरला, दहा सेंटिमीटर चौरस खिडकी कापलेला पुठ्ठा त्यावर ठेवला आणि भिंगातून आडव्या-उभ्या दोन्ही दिशांचे टाके मोजले. टाके पुरेसे भरले. मात्र एका डिझाइनच्या खालच्या कडेला रिबची पट्टी होती आणि केवळ त्या पट्टीमुळे तो शर्ट ६११० मध्ये, म्हणजे स्वेटर-पुलओव्हरच्या शीर्षकाखाली गेला.

धाग्याच्या मिश्रणाचेही असेच आहे. जो धागा वजनाने जास्त, त्यावर उपशीर्षक ठरते. दोन धागे समसमान असतील तर क्रमाने नंतर येणाऱ्या प्रकरणातला धागा धरला जातो. पॉलिस्टरचे प्रकरण कापसाच्या नंतर येते, त्यामुळे कापूस आणि पॉलिस्टर ५०-५० असलेला शर्ट पॉलिस्टरचा ठरतो. मी पुरवठादाराच्या शब्दावर न थांबता प्रयोगशाळेचा अहवाल मागवला.

मूळ देशाच्या नियमांवर माझा सर्वाधिक वेळ गेला, आणि तो जायलाच हवा होता. लेबलवरचे ‘मेड इन’ आणि करारातली सवलत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कपडा ज्या देशात कापला-शिवला गेला त्याचे नाव लेबलवर येऊ शकते, तरीही सवलतीसाठी तो कपडा त्या देशाचा मानला जाईलच असे नाही. अमेरिका, मेक्सिको आणि कॅनडा यांच्यात २०२० पासून लागू असलेल्या करारात बहुतेक कपड्यांसाठी सूत कातण्यापासूनची सर्व कामे करारातल्या देशांतच व्हावी लागतात. शिलाईचा दोरा आणि खिशाचे कापडसुद्धा त्यात तपासले जाते. याउलट युरोपीय संघाने २०११ पासून अल्पविकसित देशांना आयात कापडातून शिवलेल्या कपड्यांवरही सवलत दिली. माझ्या मालाला लागू असलेल्या करारात मधला मार्ग होता : सूत कुठलेही चालेल, पण कापड विणणे आणि कपडा शिवणे ही दोन्ही कामे निर्यातदार देशातच झाली पाहिजेत.

म्हणून मी पुरवठादाराकडे सूतखरेदीचे बिल, निटिंग गिरणीचे चलन (माल पाठवल्याची पावती), रंगाईचे बिल आणि कटिंग रजिस्टरची प्रत मागितली. पोलो शर्टांच्या बाबतीत गिरणीच्या चलनावरचा लॉट क्रमांक रंगाईच्या बिलावर आणि पुढे कटिंग रजिस्टरमध्ये तसाच सापडला. साखळी अखंड होती. स्वेटशर्टांचे फ्लीस (आतून लवदार) कापड मात्र तिसऱ्याच देशातून तयार आलेले होते, आणि तिथले कापड आपले म्हणून धरण्याची मुभा करारात नव्हती. पुरवठादार त्या मालासाठीही दाखला द्यायला तयार होता. मी तो घेतला नाही. दाखल्यावर शिक्का मिळणे आणि पडताळणीत तो दाखला टिकणे यांत मोठे अंतर आहे, आणि तो टिकला नाही तर बुडालेले शुल्क व्याजासह आयातदाराकडूनच वसूल होते.

पोलो शर्टांसाठी मी सीमाशुल्क विभागाकडे आगाऊ निर्णय, म्हणजे माल येण्यापूर्वीच दिलेला लेखी निर्णय मागितला. जागतिक व्यापार संघटनेच्या व्यापार सुलभीकरण कराराने, जो २२ फेब्रुवारी २०१७ रोजी अमलात आला, वर्गीकरण आणि मूळ देश या दोन्ही बाबतींत असे निर्णय देण्याची जबाबदारी सदस्य देशांवर टाकलेली आहे. याच संघटनेच्या मूळ देशाबाबतच्या जुन्या करारात तर त्यासाठी १५० दिवसांची कमाल मर्यादा आहे, आणि परिस्थिती बदलली नाही तर निर्णय तीन वर्षे वैध राहतो. ही सोय इतकी उपयोगी असूनही लहान आयातदार तिच्याकडे वळत नाहीत, याचे मला मनापासून वाईट वाटते.

मूल्य घोषित करताना मी पुरवठादाराला फुकट पाठवलेली बटणे आणि लेबले यांची किंमत बिलाच्या रकमेत मिळवली, कारण नियमानुसार ती करपात्र मूल्यात धरावी लागते. वाटेत माल एका बंदरात दुसऱ्या जहाजावर चढणार होता; त्यासाठी संपूर्ण प्रवासाचे एकच बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची मालाची पावती) घेतले, म्हणजे मधल्या बंदरात मालावर काही प्रक्रिया झाली का, ही शंका उरत नाही.

माल सुटल्यानंतर काही काळाने पडताळणीचे पत्र आले आणि कापड कुठे विणले गेले याचा पुरावा मागितला गेला. चलने, बिले आणि रजिस्टरच्या प्रती लॉट क्रमांकानुसार लावलेल्या होत्या, त्या तशाच पाठवल्या आणि सवलत कायम राहिली. स्वेटशर्टांवर मी पूर्ण शुल्क भरले. पुरवठादाराने स्थानिक फ्लीस वापरण्यासाठी वाढीव दर सांगितला होता, पण ती वाढ वाचणाऱ्या शुल्कापेक्षा जास्त भरत होती. त्यामुळे पुढच्या ऑर्डरमध्येही स्वेटशर्ट बाहेरच्या कापडाचेच आणि सवलतीचा दावा न करता आणायचे ठरले आहे.