पुढचं पुस्तक

रविवार, रात्री साडेनऊ. खानापूर.

दुपारभर पाऊस. बुधवारी एक रहस्यकथा ऐकून संपली, तेव्हापासून कानाला काही नाही. बेळगावला जायच्या-यायच्या बसमध्ये नुसतं खिडकीबाहेर बघत बसले चार दिवस.

माझा एक नेम आहे. पाठोपाठ दोन पुस्तकं एका जातीची घ्यायची नाहीत. खुनाचा छडा लागल्यावर लगेच दुसरा खून घेतला की पहिल्यातली माणसं पुसून जातात. म्हणून आता काहीतरी संथ हवं होतं.

इंदिरा संतांची कविता मनात होती. बाई बेळगावात राहिल्या, इथंच लिहीत राहिल्या, त्यामुळे त्या घरच्याच वाटतात. पण कविता मला कानानं पुरत नाही. ओळ आत उतरायच्या आधी पुढची येते. तिला कागदच हवा, आणि बोट ठेवून थांबायची मुभा. इतिहासाचंही तसंच, सनावळी आणि नावं मागं उलटून बघावी लागतात. आत्मचरित्र मात्र ऐकावं. शेजारच्या सीटवर बसून कुणी आपलं सांगतंय असं वाटतं.

संध्याकाळी कपाट आवरताना 'वंशवृक्ष' हाताला लागलं. भैरप्पांची कन्नड कादंबरी, 1965 ची. मी वाचलीय ती उमा कुलकर्णींच्या मराठीत. त्याही मूळच्या बेळगावच्या. त्यांचे यजमान विरूपाक्ष कन्नड पुस्तक मोठ्यानं वाचून टेप करत आणि त्या ते ऐकून मराठीत आणत. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला फार धीर आला होता. कारण माझंही तेच. बाजारात, बसमध्ये, ऑफिसात कन्नड बोलते, समजतं सगळं. पण पान समोर आलं की अक्षर अक्षर लावत बसते. अर्ध्या पानात दम जातो. इतकी वर्षं मी ही भाषा फक्त कामापुरती वापरली, याचं मला खरंच वाईट वाटतं.

चहा घेताना जावेला हे सांगितलं. ती धारवाडची. म्हणाली, "मग मूळ पुस्तकच ऐका की अक्का. मी वाचते, तुम्ही फोनवर भरून घ्या."

तिच्याकडं माहेराहून आणलेली प्रत होती. कट्ट्याशी उभ्या उभ्याच तिनं सुरुवात केली. मध्येच थांबून म्हणाली, हे म्हैसूरकडचं कन्नड, आमच्यासारखं नव्हे. कपिला नदीकाठचं नंजनगूड, श्रीनिवास श्रोत्रींचं घर, सगळं माझ्या ओळखीचं होतं. मराठीतून गोष्ट ठाऊक असल्यामुळे न कळलेले शब्दही अडले नाहीत.

बावीस मिनिटांचं भरलंय. त्यात कुकरच्या तीन शिट्ट्या आल्यात. ती पुन्हा वाचते म्हणाली, मी नको म्हटलं. उद्या सकाळच्या बसला हेच लावणार.