फाट्यापासून पुढे

पहाटे चारला पुणं सोडलं की साडेआठच्या सुमाराला बाबांचा पहिला फोन येतो.

“कुठलोक आले रे?”

“संभाजीनगर जवळ आलं.”

“बरं. या आरामानं.”

संपलं. तब्येत नाही, पाऊसपाणी नाही. दुसरा फोन मेहकरच्या आसपास, तिसरा कारंज्याला, आणि मूर्तिजापूर दिसायच्या आत चौथा. माझी बायको कराडकडची. माहेरचं अंतर तीन-साडेतीन तासांचं, त्यामुळे असा तुकड्यातुकड्यानं विचारला जाणारा प्रवास तिला नवीन. सुरुवातीला ती म्हणायची, बाबा फार काळजी करतात. मलाही तसंच वाटायचं, तेही पंधरा वर्षं. खरा प्रकार कळला तो गेल्या उन्हाळ्यात. तो पुढे येईलच.

पाचशेहून जास्त किलोमीटरचा हा रस्ता. त्यातला मधला मोठा तुकडा आता समृद्धी महामार्गानं गिळलाय. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाला आणि आमचा दिवसभराचा प्रवास दुपारच्या जेवणापर्यंत आला. तक्रार करायला जागा नाही. फक्त दुसरबीड, मालेगाव, शेलूबाजार ही गावं आता हिरव्या पाट्यांवर राहतात. पूर्वी यष्टीनं यायचो तेव्हा यातल्या प्रत्येक स्टँडवरचा चहा, प्रत्येक स्टँडवरची मुतारी आणि खिडकीशी येऊन काकड्या विकणारी पोरं वेगळी ओळखू यायची. आता ताशी एकशेवीसनं सगळा बुलडाणा जिल्हा काँक्रीटच्या एकाच आवाजात निघून जातो आणि मागच्या सीटवर लेक झोपलेली असते. मेहकरजवळ लोणारची पाटी येते. दरवर्षी ठरवतो की या वेळी वळून सरोवर दाखवायचं तिला, आणि दरवर्षी वळत नाही. घराकडे तोंड केलेल्या गाडीला उल्कापाताचंही कौतुक नसतं.

कारंज्याला खाली उतरलं की प्रवास सुरू होतो, असं माझं मत आहे. बायकोच्या मते तिथं तो संपायला हवा.

उतरल्या उतरल्या रसवंती बघून गाडी थांबवायची हा रिवाज. दार उघडलं की आधी चष्मा तापतो. काडी कानामागे चटका देते. दुपारचा एक वाजलेला असतो. पहाटे चारला निघा, तीनला निघा, मधे थांबा किंवा थांबू नका, वऱ्हाडातला शेवटचा तुकडा भर दुपारीच वाट्याला येतो, हे मी अनेक वर्षं प्रयोग करून सिद्ध केलंय. रस्त्यावर माणूस नाही. असलाच तर डोक्याला, कानाला, तोंडाला दुपट्टा गुंडाळून फटफटीवर चाललेला, फक्त डोळे उघडे. त्याच्या खिशात कांदा असणार याबद्दल मला शंका नाही. कांद्यानं ऊन लागत नाही याचा पुरावा कुणी मागितलेला मी ऐकला नाही. आमच्या आजीनं तर माझ्या कॉलेजच्या बॅगेतही टाकला होता. परीक्षेत पेन काढताना तो बाहेर आला.

कारंजा हे नृसिंह सरस्वतींचं जन्मगाव. आई बरोबर असली की गुरुमंदिराच्या दिशेनं गाडीतूनच हात जोडते. आई नसली तर मी स्टिअरिंगवरचा एक हात उचलून कपाळाला लावतो, आणि बायको म्हणते, समोर बघा.

तिथून मूर्तिजापूर तीसेक किलोमीटर. मूर्तिजापूर म्हणजे बाबांच्या गोष्टींचं जंक्शन. एका बाजूनं यवतमाळहून आणि दुसऱ्या बाजूनं अचलपूरहून येणारी छोट्या रुळांची शकुंतला इथं मुंबई-नागपूरच्या मोठ्या लाइनीला मिळायची. देश स्वतंत्र झाला, रेल्वे सरकारी झाली, तरी ही लाइन एका खासगी कंपनीच्याच मालकीची राहिली. १९९४ पर्यंत तिला वाफेचं इंजिन होतं. बाबा अकोल्याला शिकायचे तेव्हा मूर्तिजापूरपर्यंत मोठी गाडी आणि पुढे शकुंतला. गार्डच तिकिटं फाडे, गार्डच सिग्नल पाहे. “तिच्यात बसलं म्हणजे अर्धं गाव तिथंच भेटे,” बाबा सांगतात, “घरी जाऊन सांगाले काही उरेच नाही.” उतरायचं स्टेशन आलं नाही तरी चाले, गाडी हळू झाली की पिशवी आधी टाकायची, मग आपण. आता गाड्या बंद होऊन बरीच वर्षं झाली. रुळांच्या मधून बाभळी उठल्यात. लेकीला मी दरवर्षी ते रूळ दाखवतो. तिला वाटतं, जत्रेतल्या गाडीचे आहेत.

गावाबाहेर अमरावती-अकोला महामार्ग लागतो. हा साधासुधा रस्ता नव्हे. जून २०२२ मध्ये लोणी ते माना या टापूत ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत, रात्रंदिवस न थांबता केलं आणि गिनीज बुकात त्याची नोंद झाली. म्हणजे पाच दिवसही पुरते लागले नाहीत. आमच्या फाट्यापासून गावापर्यंत नऊ किलोमीटर आहे. हिशेब त्रैराशिकानं करायला बसलो तर तो साडेबारा-तेरा तासांत व्हायला हवा होता. मी तिसरीत असल्यापासून तो होतोय.

दर्यापूरच्या रस्त्याला लागून थोडं पुढे गेलं की फाटा. फाटा म्हणजे काय, तर एक कडूलिंब, त्याखाली पत्र्याची टपरी, चुना उडालेला प्रवासी निवारा आणि सवारी भरेपर्यंत न हलणारी काळीपिवळी. टपरीवाले काका नंबरप्लेट बघूनच ग्लास विसळायला घेतात.

“एमएच बारा दिसली अन् म्हटलं, आपलीच असन. गाडीतलं थंडं पाणी पिऊ नका बाप्पा एकदम. बसा दोन मिंटं.”

बसतो. फाट्यावर न थांबता पुढे गेलो तर संध्याकाळपर्यंत गावात बोलबाला होतो की फलाण्याच्या पोराला आता ओळख राहिली नाही.

फाट्यापासून मैलाच्या दगडाचं डोकं बदलतं. राष्ट्रीय महामार्गाला पिवळं, राज्य महामार्गाला हिरवं, आणि ग्रामसडक योजनेच्या रस्त्याला केशरी. लेकीला हे कळल्यापासून ती मूर्तिजापूरलाच डोळे चोळत उठते आणि केशरी दगड आधी कुणाला दिसतो याची शर्यत लावते. पहिल्या दगडावर आमच्या गावाचं नाव आणि ९ असतं. समृद्धीवर नऊ किलोमीटर म्हणजे एक गाणंही पुरतं संपत नाही. इथं अर्धा तास धरा.

याला एकट्या डांबराचा दोष नाही. पूर्णेच्या खोऱ्यातली ही काळी माती पावसात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून फाटते. मे महिन्यात धुऱ्यावर उभं राहून पाहिलं तर भेगेत अख्खा पाय जाईल. लहानपणी आम्ही एका भेगेत गोटी टाकून कान लावायचो. जमीनच वर्षातून एकदा वर येते आणि एकदा खाली बसते, तिथं तिच्या पाठीवरचा रस्ता सरळ कसा राहावा? म्हणून तो लाटांचा झालाय. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये होडीसारखी डुलत चालते, आणि पाचशे किलोमीटर ठणठणीत राहिलेल्या लेकीला उलटी नेमकी इथं होते.

दोन्ही बाजूंना शेतं नांगरून पडलेली. हिरवं म्हणून औषधालाही नाही. हा खारपाणपट्टा, जमिनीखालचं पाणीच खारं. विहिरीला पाणी लागलं तरी ते पिकाला चालत नाही, तेव्हा उन्हाळ्यात जमीन नुसती तापत ठेवायची. पऱ्हाटीचे, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांचे, रचलेले ढीग, कुटाराचे, म्हणजे मळणीनंतरच्या भुश्याचे ढीग, मधेच एखादी बैलगाडी दांड्या टेकून बसलेली. समोर रस्त्यावर मृगजळ. ते सगळ्या रस्त्यांवर दिसतं, पण इथल्या मृगजळात आमच्या मारुतीच्या देवळाचा कळस उलटा दिसतो आणि मग थोड्या वेळानं सुलटा. तो सुलटा झाला की मी एसी बंद करून काचा खाली करतो. बायको रागावते. मला तो वास हवा असतो: तापलेली माती, कुटार आणि कुणाच्या तरी चुलीतली पऱ्हाटी.

तर गेल्या उन्हाळ्याची गोष्ट. घरच्यांना चकित करायचं असं आम्ही ठरवलं. मध्यरात्रीच निघालो, साडेदहाला फाट्यावर होतो. बाबांचा फोन आला. “कुठलोक?” मी म्हटलं, “मेहकर येतंय.” लेक तोंडावर हात दाबून हसत होती. अर्ध्या तासात दारात.

घर तापलेलं होतं. आई स्वयंपाकघराच्या लादीवर ओला पदर अंगावर टाकून पडली होती. बाबा ओट्यावर, अंगातली बनियन पाण्यात पिळून पुन्हा घातलेली. आणि बैठकीतला मोठा कूलर कोरडा, बंद, त्याच्यावर कालचा पेपर.

बाबा खूश व्हायच्या ऐवजी चिडले. “खोटं काऊन सांगतलं? टाकी रिकामी हाये आता. पोट्टी कुठी झोपन?”

तेव्हा उलगडा झाला. आम्ही मेहकरला पोचलो की आई आंबे पाण्यात टाकते. कारंज्याला उतरलो की बाबा हापशीवरून बादल्या आणून टाकी भरतात, दहा-बारा खेपा. खारं पाणी ते. कूलरच्या गवताच्या ताट्यांवर पांढरे थर धरतात, पंप गुदमरतो, म्हणून आधी गवत खरवडायचं, मग पंप धुवायचा. मूर्तिजापूर म्हटलं की कूलर चालू. लादी गार व्हायला तासभर तरी हवाच. फाट्याच्या फोनला तवा. हवा कोरडी असते तोवर कूलरसारखं सुख नाही आणि वऱ्हाडात मे महिन्यात हवा कोरडीच असते, पण हे सुख पाण्यावर चालतं. आम्ही नसताना दिवसा तो लावत नाहीत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. विचारल्यावर आई म्हणाली, “दोघाले कायले लागते?”

मग बायकोनं बादली उचलली. बाबा “अवो, राहू द्या” म्हणत मागे धावले.

यंदा मी सगळी उत्तरं खरी दिली. इतकी खरी की शेलूबाजारहून स्वतःच फोन केला आणि बाबांना वाटलं, गाडी बंद पडली. दोन वाजता पोचलो तेव्हा पडदे ओढलेले होते, कूलरचा घोंघाट, जमीन पायाला गार. आईनं रस आणि शेवया वाढल्या. वरणासाठी तिनं नळाचं पाणी वेगळं राखलं होतं. खाऱ्या पाण्यात डाळ शिजत नाही, उकळत राहते नुसती. लेक कूलरच्या जाळीला तोंड लावून लांब ‘आ’ करत बसली. आवाज चिरकत होता, त्याचं तिला हसू येत होतं.

दुसऱ्या दिवशी जेवण करून मी कूलरसमोर आडवा झालो. नागपूरहून ताई निघाली होती, जावई आणि दोन पोरं घेऊन. डोळा लागतो न लागतो तोच ओट्यावरून आवाज आला.

“कुठलोक आले वो?... बरं. या आरामानं.”

मग बाबा दारात आले. मी डोळे मिटूनच होतो.

“ऊठ. बडनेरा सोडलं त्यायनं. टाकी अर्धीच हाये.”