बीटाचा रंग

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की गोल्फ क्लब मैदानावर पहाटे ५ वाजताच पोरांची झुंबड उडते. त्यातलाच एक त्या सोमवारी आमच्या लॅबचा जिना कठड्याला धरून चढला. हातातल्या डबीत कोऱ्या चहाच्या रंगाची लघवी.

"ताई, घाबरू नका, बीट आहे ते. भावाने बळंच पाठवलं."

जिमवाल्याने नुकतीच पावडर दिली होती : वाटाण्याचं प्रोटीन, अश्वगंधा, बीट. डब्यावर ठळक 'शंभर टक्के वनस्पतिजन्य'. एवढं वाचलं की आपली माणसं निर्धास्त. धोत्राही वनस्पतीच आहे.

बीटाने लघवी लालसर होते, हे खरं. पण मग लघवी तपासायची पट्टी बुडवली तरी तिच्यावरचा रक्ताचा चौकोन पिवळाच राहतो. इथे तो बघता बघता गर्द निळा-हिरवा झाला. म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशी खच्चून दिसायला हव्यात. तीनदा पाहिलं, एखाददुसरीच. पट्टी रक्त म्हणतेय, काचेवर रक्त नाही. माझ्या पोटात गोळा आला. हे मायोग्लोबिन असणार, स्नायूतलं लाल प्रथिन.

"परवा काय केलंस?"

"५०० बैठका. दोन महिने सगळं सुटलं होतं ना. आणि रिकव्हरीला पावडर होतीच."

सरांना विचारून रक्तातलं सीपीके हे एंझाइम मोजायला लावलं. या एंझाइमची जागा स्नायूत. दमलेल्या पेशीला क्रिएटिन फॉस्फेटमधून झटपट ऊर्जा मिळवून द्यायची, हे त्याचं काम. ऊर्जा पारच संपली की कॅल्शियम बाहेर फेकणारे पंप बंद पडतात, पेशी फुटते आणि एंझाइम रक्तात सांडतं. एरवी आकडा २०० च्या आसपास. मशीनने मोजायलाच नकार दिला. सीरम पातळ करून पुन्हा लावलं : ३८,०००.

सरांनी रिपोर्ट छापायचीही वाट पाहिली नाही, भावाला फोन केला. मायोग्लोबिनने मूत्रपिंडं बंद पडू शकतात, सलाईनला उशीर परवडत नाही. भरतीला निघालेलं पोर दवाखान्यात भरती झालं.

हे पावडरीने झालं असं मी म्हणणार नाही, बैठकांनीच झालं. पण तिच्या भरवशावर तो दीड दिवस 'बीट, बीट' म्हणत घरी बसला, याचा राग अजून आहे.

आठव्या दिवशी सीपीके ९४० वर आलं. रक्त काढताना त्याने हळूच विचारलं, "ताई, उरलेली पावडर आईला दिली तर? तिचे गुडघे दुखतात."

मला डब्यावरची अश्वगंधा आठवली. तिने थायरॉइडचं हार्मोन वाढू शकतं. "आईला थायरॉइडची गोळी चालू आहे का रे?"

"हो. का?"