पहिली मेंढरे पाळताना मी केलेली तयारी

मला एकच मेंढी हवी होती. घरामागच्या मोकळ्या जागेत एखादी शांत, हाक मारली की जवळ येणारी मेंढी चरत असावी, एवढेच चित्र माझ्या मनात होते. ती काय खाईल, तिला सोबत कोणाची असेल आणि आजारी पडली तर कोण पाहील, हे प्रश्न त्या चित्रात कोठेच नव्हते. ज्या मेंढपाळाकडे मी गेले, त्यांनी माझे सगळे बोलणे ऐकून घेतले आणि मग म्हणाले, "एकटं मेंढरू मी कोणालाच देत नाही. तुम्ही जवळ बसाल तेवढा वेळ ते गप्प राहील, आत गेलात की ओरडत सुटेल." मेंढी हा कळपाचा प्राणी आहे आणि आपल्यासारखे दुसरे कोणी नजरेच्या टप्प्यात नसेल, तर तिचे चरणे आणि रवंथ करणे दोन्ही बिघडते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळले. अखेर दोन माद्या आणि एक खच्ची केलेला नर अशी तीन मेंढरे ठरली. खच्ची न केलेला नर मात्र त्यांनी मला साफ नाकारला. लहानपणी कौतुकाने ज्याच्या कपाळावर आपण हात फिरवतो, तोच मेंढा मोठा झाल्यावर त्या हाताला टकरीचे आमंत्रण समजतो, असे त्यांचे म्हणणे होते, आणि खच्ची केलेल्या नराच्याही कपाळाला हात लावायचा नाही, गळ्याखाली खाजवायचे, असेही त्यांनी बजावले.

निघण्यापूर्वी त्यांनी एका मादीचा ओठ अंगठ्याने वर करून मला तिचे दात दाखवले. वरच्या जबड्यात पुढे दात नव्हतेच, नुसती टणक हिरडी होती. खाली आठ दातांपैकी मधले दोन रुंद आणि पांढरे होते आणि बाजूचे बारीक दुधाचे. अशी पहिली जोडी साधारण एक ते दीड वर्षाच्या सुमारास येते, त्यामुळे वयाबद्दल कोणाच्या शब्दावर विसंबून राहावे लागत नाही. त्यानंतर मी कापडी टेप काढून तिचे वजन काढायचा प्रयत्न केला. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजायचा, त्याचा वर्ग करायचा, त्याला खांद्याच्या टोकापासून मागच्या पुठ्ठ्याच्या हाडापर्यंतच्या लांबीने गुणायचे आणि १०,८४० ने भागायचे, म्हणजे अंदाजे किलो मिळतात. माझा घेर आला ९२, लांबी ६८ आणि वजन ५३ किलो. मेंढपाळ हसले, त्यांनी लोकर बोटांनी फाकवून टेप कातडीला टेकवला आणि घेर ८० वर आला, म्हणजेच वजन जेमतेम ४० किलो. माझ्या हिशोबातले तेरा किलो निव्वळ लोकरीचे आणि हवेचे होते, आणि औषधाची मात्रा मी त्याच आकड्यावर दिली असती.

त्यांनी मला दोन महिन्यांनी यायला सांगितले. तेव्हा हा काळ मला फार वाटला होता; प्रत्यक्षात तो पुरता पुरला नाही.

कुंपणाचे काम सर्वांत आधी घेतले. काटेरी तारेत लोकर आणि कातडी दोन्ही अडकतात म्हणून विणलेल्या तारेची १.२ मीटर उंचीची जाळी लावली. कुंपण मेंढरांना आत ठेवण्यासाठी असते असे मी धरून चालले होते, पण त्याचा खरा उपयोग कुत्र्यांना बाहेर ठेवण्याचा आहे, कारण कुत्र्याने एकदाही चावा न घेता नुसते पळवले तरी धसक्याने आणि दमछाकीने मेंढी मरू शकते. जागेत कण्हेरीचे एक झुडूप आणि कडेला घाणेरी होती. दोन्ही मेंढ्यांना विषारी आणि कण्हेरीची तर वाळलेली पानेही तितकीच घातक, म्हणून झुडपे मुळासकट काढली आणि गळलेली पाने वेचून काढण्यात एक पूर्ण दिवस घालवला. निवाऱ्याच्या बाबतीत मात्र मी उत्साहाच्या भरात चूक केली होती. मी चारही बाजूंनी बंद, उबदार खोलीच बांधायला घेतली होती. मेंढीच्या अंगावर तिची स्वतःची दुलई असते. तिला वारा आणि पाऊस अडवणाऱ्या तीन भिंती, वर छप्पर आणि खाली कोरडी, किंचित उंच जमीन एवढे पुरते, आणि बंद जागेत मूत्राच्या उग्र वाफेने तिची फुप्फुसे बिघडतात. चौथी भिंत पाडली. प्रत्येकी दोन चौरस मीटर जागा धरली आणि ओलीत खुरे कुजतात म्हणून खाली वाळक्या काडाचा जाड थर पसरला.

चाऱ्याचा अभ्यास हा या सगळ्या तयारीचा खरा गाभा होता आणि तिथे माझ्या बऱ्याच कल्पना मोडीत निघाल्या. मेंढीला चारा घालणे म्हणजे तिच्या कोठीपोटातल्या, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातल्या, असंख्य सूक्ष्मजीवांना चारा घालणे होय. तिने भराभर गिळलेले गवत आधी तिथे आंबते, मग घास पुन्हा तोंडात येतो, बारीक चावला जातो आणि परत खाली जातो. दिवसाचे कित्येक तास ती हेच काम करते. या सूक्ष्मजीवांना तंतुमय, लांब काडीचा चारा मानवतो आणि अचानक झालेला कोणताही बदल मानवत नाही. म्हणून साध्या पाळीव मेंढीचे मुख्य अन्न म्हणजे चराऊ गवत आणि वाळलेला चारा. धान्याचा भरडा हा गाभण, दुभत्या किंवा फार खंगलेल्या जनावराचा खुराक. हे वाचून मला खरे तर वाईट वाटले होते, कारण मूठभर दाणे हातावर घेऊन मेंढीला खाऊ घालणे हीच तर माझी मूळ हौस होती.

वाळलेल्या चाऱ्याचा हिशोब मी कागदावर मांडला. चाळीस किलोच्या मेंढीला वजनाच्या सुमारे अडीच टक्के, म्हणजे एक किलो शुष्क अन्न रोज लागते. वाळलेल्या गवतातही थोडा ओलावा उरतोच, त्यामुळे ते १.१ ते १.२ किलो द्यावे लागते. तिघांचे साडेतीन किलो, त्यात तुडवले जाणारे धरून चार, आणि दोन महिन्यांचे २४० किलो. पहिल्यांदा आलेला चारा वरून सुरेख हिरवट दिसत होता, पण भाऱ्याच्या मध्यात कोपरापर्यंत हात घातला तर आत गरम लागले आणि हात बाहेर काढला तेव्हा त्याला कुबट वास होता. बुरशी लागलेला चारा मेंढीला आजारी पाडतोच, शिवाय ओलसर रचलेली गंजी आतून तापत जाऊन पेटही घेऊ शकते. तो सगळा चारा मी परत पाठवला. दुसरा आला तो पानांचा, कोरडा आणि गोडसर वासाचा होता. तो जमिनीवर न टाकता गव्हाणीतच घालायचा असे ठरवले, कारण लेंड्यांनी खराब झालेला चारा म्हणजे जंतांना आयते निमंत्रण.

खनिज मिश्रणाच्या बाबतीत मी थोडक्यात बचावले. दुकानातून मी जे पोते आणले होते त्यावर गाय, शेळी आणि मेंढी अशी तिघींची चित्रे होती, आणि मला ते सोयीचे वाटले होते. पशुवैद्यक पहिल्या भेटीला आल्या तेव्हा त्यांनी पोत्यामागचा तक्ता वाचून मला एकच ओळ दाखवली: तांबे. इतर जनावरांना जेवढे तांबे लागते तेवढे मेंढीला सोसत नाही. ते महिनोन्‌महिने यकृतात साठत राहते आणि एखाद्या ताणाच्या प्रसंगी एकदम रक्तात उतरून तांबड्या पेशी फोडते. तोपर्यंत जनावर ठणठणीत दिसते, मग डोळे पिवळे पडतात, मूत्र काळपट तांबडे होते आणि बहुधा उशीर झालेला असतो. पोते गेले आणि फक्त मेंढ्यांसाठी बनवलेले, वरून तांबे न घातलेले मिश्रण आले. तिघींचे चित्र असलेल्या कोणत्याही पोत्याकडे मी तेव्हापासून संशयानेच पाहते.

खच्ची नराबद्दल पशुवैद्यकांनी वेगळे बजावले. त्याची मूत्रनलिका अरुंद असते, आणि धान्यातल्या जास्तीच्या स्फुरदामुळे (फॉस्फरसमुळे) खडे तयार होऊन ती तुंबू शकते. त्याच्या एकूण आहारात कॅल्शियम स्फुरदाच्या दुप्पट असावे, मीठ चाटायला असावे आणि पाणी भरपूर प्यायले जावे. पाण्याचे प्रमाण हवा आणि चारा यांवर अवलंबून असले, तरी वाळल्या चाऱ्यावरच्या मेंढीला मी रोज पाच-सहा लिटर धरून चालते. मेंढी गढूळ बादलीला तोंड लावत नाही, तहानलेली राहते, म्हणून बादली रोज घासावी लागते.

लसीकरणाचे वेळापत्रक सरळ होते: आंत्रविषार (आतड्यातल्या जिवाणूंच्या विषाने होणारा रोग) आणि धनुर्वात यांच्या लशीची पहिली मात्रा, तीन ते चार आठवड्यांनी दुसरी आणि पुढे दरवर्षी एक. जंतांचे गणित तितके सरळ निघाले नाही. दर काही महिन्यांनी सर्वांना जंतनाशक पाजायचे अशी माझी समजूत होती; पण तसे केल्याने औषधाला न जुमानणारे जंतच तेवढे मागे उरतात. त्याऐवजी लेंड्यांमधील अंडी मोजून घ्यायची आणि मधल्या काळात डोळ्याची खालची पापणी हलकेच खाली ओढून आतला रंग पाहायचा. लालबुंद असेल तर ठीक, फिकट गुलाबी किंवा पांढुरकी असेल तर रक्त शोषणारा जंत पोटात असण्याची शक्यता धरायची. दक्षिण आफ्रिकेत तयार झालेला पाच रंगछटांचा एक तक्ता यासाठी वापरतात. तो रक्तशोषक जंतापुरताच उपयोगी आहे, हे लक्षात ठेवावे लागते.

मेंढरे आली त्या दिवशी मी त्यांच्याजवळ गेले नाही. तिघेही कोपऱ्यात एकमेकांना चिकटून उभे होते. मेंढीच्या डोळ्यातली बाहुली आडवी असते आणि तिला मागचा थोडा भाग सोडून जवळजवळ चहूकडचे दिसते, त्यामुळे मागून अचानक गेलो की ती उधळते. मी गव्हाणीपासून थोड्या अंतरावर नुसती बसून राहिले. मेंढपाळाकडून दहा दिवसांचा त्यांचा जुना चारा मागून आणला होता, त्यात रोज थोडा नवा वाढवत गेले. मेंढ्या पन्नास मेंढ्यांचे चेहरे दोन वर्षांपर्यंत लक्षात ठेवतात, असे २००१ साली बाब्रॅहम संस्थेतल्या संशोधकांनी दाखवून दिले होते. भरड्याचे पोते कोठे ठेवले आहे हे लक्षात ठेवायला माझ्या बुटकीला, म्हणजे दोन माद्यांपैकी एकीला, एक दिवसही लागला नाही.

खरे तर भरड्याचे ते पोते घरात असायलाच नको होते. हौस म्हणून मी ते आणले होते, मेंढरांना बोलावण्यासाठी रोज चिमूटभर द्यायचे असे स्वतःला सांगून. तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी दाराची कडी नीट बसली नाही आणि बुटकी पोत्यात डोके घालून उभी सापडली. किती खाल्ले ते कळायला मार्ग नव्हता. तिला बाहेर काढले, ती निवांत दिसत होती, आणि सकाळी पाहू असे म्हणून मी झोपले. सकाळी ती इतर दोघांपासून बाजूला मान खाली घालून दात खात उभी होती, डावी कूस फुगली होती आणि मागे पातळ, आंबूस वासाची हगवण होती. पशुवैद्यक आल्या, नळीने तिच्या पोटात आम्ल कमी करणारे औषध सोडले, शिरेतून द्रव दिले आणि दाणा पूर्ण बंद करून फक्त वाळले गवत व पाणी समोर ठेवायला सांगितले. त्या रागावल्या त्या पोत्यावरून नव्हे, तर मी सकाळपर्यंत थांबले म्हणून. दाण्यातली पिष्टमय द्रव्ये काही तासांत आंबून कोठीपोटात आम्ल साचवतात, त्याने उपयोगी सूक्ष्मजीव मरतात, आणि मेंढी निवांत दिसते त्याच तासांत औषधाचा सर्वांत जास्त उपयोग होतो.

जाण्यापूर्वी त्यांनी माझी मूठ धरून आधी दुसऱ्या मादीच्या डाव्या भकाळीत, शेवटच्या बरगडीमागच्या खळग्यात दाबून धरली. थोड्या वेळाने आतून एक सावकाश लाट आली आणि मूठ बाहेर ढकलून ओसरली. मिनिटाला अशा एक-दोन यायला हव्यात. मग तीच मूठ बुटकीच्या भकाळीत ठेवली. तिथे काहीच नव्हते, पाणी भरलेल्या पखालीवर हात ठेवावा तसे नुसते लदलदत होते.

त्या दिवशी आणि रात्रीतून दर दोन तासांनी मी तिथे मूठ ठेवत राहिले. दुसऱ्या दिवशी दुपारी, तिने गवताच्या चार काड्या ओढल्यानंतर थोड्या वेळाने, माझी बोटे अगदी हलकी वर उचलली गेली, आणि पुढच्या वेळेस थोडी अधिक. संध्याकाळी ती इतर दोघांच्या शेजारी जाऊन बसली. तिच्या गळ्यावरून एक गोळा खालून वर सरकताना दिसला, आणि तिचा खालचा जबडा आडवा हलू लागला.