लेव्हिटटाऊनमधलं ताईचं घर आणि पंचविसावं कलम

न्यूयॉर्कचे चार दिवस गर्दीत आणि रांगांमध्ये गेले, त्यावर लिहिण्यासारखं माझ्याकडे काही नाही. लिहायचंय ते लाँग आयलंडवरच्या लेव्हिटटाऊनबद्दल, माझी मावसबहीण राहते तिथे.

गावाला स्वतःचं रेल्वे स्टेशन नाही, न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनवरून गाडी पकडून हिक्सव्हिलला उतरावं लागतं. भावजी आणि ताई घ्यायला आले होते. हिक्सव्हिलमध्ये इतकी देशी दुकानं आहेत की ताईने वाटेतच मेथी आणि कढीपत्ता घेतला. पुढे लेव्हिटटाऊनच्या गल्ल्या लागल्या, सगळ्या वळणावळणाच्या आणि बहुतेकींच्या नावात लेन, संध्याकाळी एकटीच चालायला गेले तर दोनदा चुकले.

घर मात्र मला फार आवडलं. मूळ घर 750 चौरस फुटांचं, दोन बेडरूम, एक बाथरूम, म्हणजे आपल्याकडच्या टू बीएचकेएवढंच. तळघर नाही, सगळं थेट कोब्यावर उभं, आणि जमीन ऊबदार राहावी म्हणून त्या कोब्यातच नळ्या टाकलेल्या. माळा मुद्दाम अर्धवट सोडलेला, ज्याने त्याने सवडीने पुरा करायचा. आधीच्या मालकांनी केलेल्या त्या माळ्यावरच मी झोपायचे, उशाशी छपराची उतरती बाजू, हात वर केला की लागायची.

इथे आधी बटाट्याची शेतं होती. दुसऱ्या महायुद्धावरून परतलेल्या सैनिकांना बायकापोरांसकट राहायला जागा नव्हती, कोणी सासरी तर कोणी भावाकडे दाटीवाटीने दिवस काढत होते. लेव्हिट कंपनीने 1947 ते 1951 या काळात 17,447 घरं उभी केली. कामाचे 26-27 टप्पे पाडलेले, प्रत्येक टोळी आपलं एकच काम करून पुढच्या घरावर जायची, भर जोरात असताना दिवसाला 30 घरं व्हायची! सुरुवातीला भाडं महिन्याला 60 डॉलर, नंतर विकत घ्यायचं तर 6,990 डॉलर, आणि सरकारी हमीमुळे सैनिकाला कर्ज सहज मिळायचं. साध्या पगारदार माणसाला स्वतःचं घर मिळालं याचं मला मनापासून कौतुक वाटतं, भाड्याच्या खोल्यांमध्ये वाढलेल्या माणसाला त्याची किंमत कळते.

तिसऱ्या रात्री जेवणं झाल्यावर ताईने एक फाइल काढली. आत जुन्या भाडेकराराची झेरॉक्स होती. कुंपण घालायचं नाही, रविवारी कपडे बाहेर वाळत घालायचे नाहीत असले इथले जुने नियम ती मला आधीच सांगून झाली होती, पण आता तिने बोट ठेवलं ते पंचविसाव्या कलमावर. ते मोठ्या ठळक अक्षरांत छापलेलं. कॉकेशियन, म्हणजे गोऱ्या, वंशाच्या माणसांखेरीज कोणालाही ही जागा वापरू किंवा तिथे राहू द्यायचं नाही. आणि लगेच पुढे, दुसऱ्या वंशाचे घरगडी ठेवले तर चालतील.

मी ते तीन वेळा वाचलं. पोटात खड्डा पडला. आत्ताच मेथीची भाजी खाल्लेली ही खोली, इथे मी फक्त भांडी घासायला येऊ शकले असते. त्याच युद्धात लढलेले काळे सैनिक पैसे घेऊन दारात आले तरी परत पाठवले गेले. 1948 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की असल्या अटी कोर्टातून बजावून घेता येणार नाहीत, त्यानंतर करारातून कलम गेलं, पण कंपनी काळ्या कुटुंबांना घर नाकारतच राहिली. तीच घरं आज काही लाख डॉलरला जातात, त्यावर गोऱ्या कुटुंबांच्या मुलांची कॉलेजं झाली, म्हातारपणं निघाली, आणि ज्यांना दारातून परत पाठवलं त्यांच्या नातवंडांना यातलं काहीच नाही. कलम खोडून हे भरून निघत नाही असं मला वाटतं आणि ताईलाही वाटतं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. ताईने मागच्या अंगणात दोरीवर चादरी वाळत घातल्या, मी चिमटे देत उभी राहिले, दोघीही फारसं बोललो नाही.

ती झेरॉक्स तिने घराच्या खरेदीखताच्या फाइलमध्येच ठेवलीये. मुलं अजून लहान आहेत, थोडी मोठी झाली की वाचायला देणार म्हणाली.